गोळी जाते पोटात, खबर लागते यकृताला!

एक ग्रॅम! फक्त एक ग्रॅम! आणि तेवढं एका बाईला १२२ वर्षं पुरतं! थांबा, गणित तुमच्यासमोरच करते, तुम्हीही कागद घ्या! माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातल्या एका पांढऱ्या गोळीत इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅममध्ये दहा लाख मायक्रोग्रॅम! भागा ३०ने! आल्या ३३,३३३ गोळ्या! पाकिटात अशा पांढऱ्या गोळ्या २१, उरलेल्या ७ लोहाच्या, आणि वर्षाला पाकिटं लागतात १३, आणि मग पुन्हा भागाकार, आणि मग उत्तर येतं १२२ वर्षं! एवढा बारीक तो रोजचा कण! आणि तो कण बाईच्या रक्ताचं गोठणं बदलतो! थोडंसंच बदलतो, पण बदलतो! हे कळल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. भाजी निवडताना हेच डोक्यात, बसची वाट पाहताना हेच, बहिणीशी फोनवर हेच! आणि आता तुम्ही सापडलात!

आधीच सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, औषधाच्या दुकानातही कधी काम केलेलं नाही. बारावीच्या जीवशास्त्रापुढे माझं शिक्षण या वाटेनं गेलं नाही. मी नांदगाव पेठेची, नागपूर रस्त्यावरच्या, टोलनाक्याच्या, एमआयडीसीच्या गावची एक बाई. कोणती गोळी घ्यायची आणि कोणती सोडायची हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण आपल्या शरीरात काय चाललंय हे समजून घ्यायला पदवी थोडीच लागते! चला!

सुरुवात झाली ती आमच्या आशाताईंमुळे, म्हणजे गावच्या आशा सेविकेमुळे. शेजारच्या सुनेला पाळणा लांबवायचा होता, आशाताई पाकीट घेऊन आल्या आणि पाकीट हातात ठेवण्याआधी त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. "तुले बीपी आहे का वं? डोकं खूप दुखते का? डोळ्यासमोर चमकते का? पाय सुजून कधी दवाखान्यात गेली होती का? तुह्या मायले, बहिणीले पायात रक्ताची गुठळी झाली होती का?" सून बावरली. "एका गोळीसाठी एवढं?" आशाताई म्हणाल्या, "हे विचारल्याशिवाय मी पाकीट देतच नाही नं, बाप्पा!"

मी तिथेच होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडकली. पाय! गोळी पाळणा लांबवायची, काम अंडाशयाशी, आणि चौकशी पोटरीची? मधे रस्ता कुठून जातो? आणि मग मी वाचायला लागले, आणि मग ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन, आणि मग पुन्हा वाचन, आणि मग रात्री उशिरा मी उठून बसले, कारण रस्ता सापडला! रस्ता जातो यकृतातून! आपल्या लिव्हरमधून!

पण तिथं पोचायच्या आधी रक्त गोठतं कसं ते ऐका, कारण ते ऐकूनच मी अर्धी वेडी झाले! विळीनं बोट कापलं की आधी प्लेटलेट नावाचे बारीक तुकडे जखमेवर चिकटतात आणि फट बुजवतात. ही झाली तात्पुरती सोय. आणि मग खरं काम सुरू होतं! रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं, एरवी त्याचा कुणाला त्रास नाही. थ्रॉम्बिन नावाचं दुसरं प्रथिन येतं, त्याची टोकं छाटतं, आणि टोकं छाटली की ते तुकडे आपोआप एकमेकांना जुळतात आणि त्याचा धागा होतो! आमच्या एमआयडीसीत कापसाचं सूत होतं ना, तसं सूत प्रत्येकाच्या रक्तात होतं! धाग्याला धागा, त्याचं जाळं, जाळ्यात लाल पेशी अडकतात, झाली गुठळी! रक्त थांबलं!

आणि हे थ्रॉम्बिन येतं कुठून? त्याच्याआधी दुसरं प्रथिन, त्याच्याआधी तिसरं, एक जागं झालं की ते पुढच्याला जागं करतं! शास्त्रज्ञांनी त्यांना नंबर दिलेत, रोमन आकड्यांत, एक ते तेरा. आणि सहावा नंबरच नाही! मी पुन्हा पुन्हा मोजलं! पाच आहे, सात आहे, सहा नाही! सहावा म्हणून ज्याला नंबर दिला होता तो पुढे पाचव्याचंच जागं झालेलं रूप निघाला, म्हणून त्याचं नाव काढून टाकलं आणि जागा रिकामीच ठेवली! मला ही रिकामी जागा फार आवडली!

आता खरी गंमत. हे सगळं एकदा सुरू झालं तर थांबायचं कधी? बोट कापलं म्हणून सगळं रक्तच गोठलं तर माणूस जागच्या जागी संपेल! म्हणून रक्तात थांबवणारेही असतात! अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस! गोठवणारे पुढे जाऊ पाहतात, थांबवणारे त्यांना आवरतात, आणि हे तुमच्या-माझ्या अंगात या क्षणी चालू आहे, तुम्ही हे वाचत असताना! आणि हे गोठवणारे आणि थांबवणारे बहुतेक सगळे एकाच जागी तयार होतात! यकृतात! दोन्ही बाजू एकाच घरातल्या!

आता गोळी गिळा! म्हणजे मनातल्या मनात! गोळी पोटात जाते, आतड्यातून रक्तात शिरते, आणि आतड्यातून निघालेलं रक्त सगळ्या शरीरात जायच्या आधी कुठे जातं? यकृतात! पहिला मुक्काम तिथेच! यकृताच्या पेशी इस्ट्रोजेनचा निरोप ओळखतात, आणि मग फायब्रिनोजेन जास्त बनवतात, दुसरा, सातवा, दहावा नंबर जास्त बनवतात, आणि त्याच वेळी अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन एस कमी बनवतात! दोन्हीकडून! गोठवणारे थोडे वाढले, थांबवणारे थोडे घटले! रक्त पिठल्यासारखं घट्ट वगैरे होत नाही बरं का, तसं कुणी सांगितलं तर ऐकू नका! फक्त समतोल जरासा कलतो!

आणि एक बारकावा ऐका! गोळीतलं इस्ट्रोजेन हे आपल्या अंडाशयातलं जसंच्या तसं इस्ट्रोजेन नसतं. ते असतं इथिनिल इस्ट्राडिऑल. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत १९३८ मध्ये इनहोफेन आणि होलवेग या दोघांनी ते बनवलं. आपलं नैसर्गिक इस्ट्रोजेन तोंडानं घेतलं तर यकृत ते चटकन मोडून टाकतं, मग गोळीचा उपयोग काय? म्हणून त्यांनी त्या रेणूला दोन कार्बनचं एक शेपूट लावलं, आणि त्या शेपटामुळे यकृताला ते सहज मोडता येईना! म्हणूनच एवढासा कण पुरतो! आणि म्हणूनच तो यकृतावर इतका वेळ काम करत राहतो! गोळीची ताकद आणि गोळीचा धोका एकाच शेपटात! आणि मग मला वाटलं, पोटातून न्यायचंच नाही, चामडीवर पट्टी लावली तर यकृत सुटेल का? नाही सुटत! हेच इस्ट्रोजेन पट्टीतून गेलं तरी रक्तासोबत फिरत फिरत यकृतात पोचतंच, आणि गुठळीचा धोका तिथंही राहतोच!

बरं, पण पायच का? हे १८५६ मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ फिरशॉनं मांडून ठेवलंय! नसेत गुठळी व्हायला तीन गोष्टी कारण होतात: रक्त संथ वाहणं, नसेच्या भिंतीला इजा होणं, किंवा रक्तच गोठण्याकडे झुकणं. गोळी तिसरी गोष्ट करते. आणि रक्त सगळ्यात संथ कुठे? पायाच्या खोल नसांमध्ये! तिथून त्याला वर चढायचं असतं, आणि त्याला वर ढकलते आपली पोटरी! चाललं की पोटरीचे स्नायू आवळतात, नसा दाबल्या जातात, रक्त वर जातं, आणि आतल्या झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत! म्हणून खाटेला खिळलेला माणूस, प्लॅस्टर घातलेला पाय, बारा-बारा तासांचा बसप्रवास, यांत धोका वाढतो. डॉक्टर याला डीव्हीटी म्हणतात. आणि पोटरीतली गुठळी सुटली तर वर येते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाते आणि फुफ्फुसात जाऊन अडकते! तिथं मात्र जीवावर बेतू शकतं.

आता घाबरलात ना? थांबा, थांबा! आकडे ऐका, कारण आकड्यांनीच मला पुन्हा उभं केलं! अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा हिशेब असा: गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायांपैकी वर्षभरात १ ते ५ जणींना अशी गुठळी होते. गोळी घेणाऱ्या १०,००० पैकी ३ ते ९ जणींना. म्हणजे वाढ आहे, खरी वाढ आहे, पण दहा हजारांतल्या नऊ हजार नऊशे नव्वदहून जास्त जणींना काहीच होत नाही! आणि मग पुढची ओळ वाचली आणि मी ओरडलेच! गरोदरपणात तोच आकडा ५ ते २०! आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत, त्याच मापानं मोजलं तर, ४० ते ६५! गोळीपेक्षा कितीतरी जास्त!

का? कारण गरोदरपणात शरीर स्वतःच रक्ताला गोठण्याकडे झुकवतं! बाळंतपणात बाई रक्त जाऊन मरू नये म्हणून! म्हणजे गोळी यकृताला जे करायला लावते, तेच गरोदरपण कितीतरी जोरानं करायला लावतं! आणि आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायचं म्हणतात ना? गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो ते पहिले सहा आठवडे! जवळजवळ तोच सव्वा महिना! आजीबाईंनी जपायला सांगितलं ते किती बरोबर! फक्त जपणं म्हणजे दिवसभर खाटेवर पडून राहणं नव्हे हो! डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळंतिणीनं उठावं, घरातल्या घरात फिरावं, पाणी भरपूर प्यावं! पोटरीला काम द्यावं!

आणि हे सगळं कळलं कसं? ती गोष्ट तर मी कुणालाही थांबवून सांगतेय! पण आधी गोळी यायच्या आधीचा काळ! आपल्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, कोर्टकचेऱ्या सोसल्या, आणि १९५३ मध्ये ते गेले. गोळी आली १९६० मध्ये! सात वर्षांनी! त्यांना ती बघायला मिळाली नाही, याची मला फार हळहळ वाटते! अमेरिकेत त्या वर्षी एनोव्हिड या गोळीला मंजुरी मिळाली आणि तिच्यात मेस्ट्रॅनॉल नावाचं इस्ट्रोजेन होतं १५० मायक्रोग्रॅम. आज आशाताईंच्या पाकिटात किती? ३०! वजनात पाचपट होतं तेव्हा!

आणि मग १९६१ मध्ये इंग्लंडातल्या जॉर्डन नावाच्या एका डॉक्टरनं 'लॅन्सेट' साप्ताहिकाला पत्र पाठवलं. फार मोठं संशोधन नाही, नुसतं पत्र! माझ्या एका पेशंटला दुसऱ्या आजारासाठी ही गोळी दिली होती, तिच्या फुफ्फुसात गुठळी झाली, एवढंच! एका साध्या, घरोघरचे पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला शंका आली आणि त्यानं ती लिहून पाठवली! आणि मग इतरांनीही नोंदी करायला सुरुवात केली, आणि मग १९६८ मध्ये इनमन, व्हेसी आणि डॉल यांनी ब्रिटनमधल्या बायांचे आकडे गोळा करून दाखवलं की संबंध खराच आहे! हे डॉल म्हणजे सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारे तेच रिचर्ड डॉल! आणि मग लक्षात आलं की इस्ट्रोजेन जितकं जास्त, तितक्या गुठळ्या जास्त. डिसेंबर १९६९ मध्ये ब्रिटनच्या समितीनं सांगितलं, ५० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नका. गोळी उतरायला लागली!

आणि मग अमेरिकेत जानेवारी १९७०! सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी गोळीच्या धोक्यांवर सुनावणी ठेवली. साक्षीला कोण? पुरुष! गोळी गिळणारी एकही बाई साक्षीदारांत नाही! मागे बसलेल्या बाया उभ्या राहिल्या आणि भर सभेत विचारायला लागल्या, आम्हाला हे आधी का सांगितलं नाही? आमच्यापैकी कुणाला का बोलावलं नाही? त्यांच्यात पुढे होती अॅलिस वुल्फसन. गोंधळ झाला, टीव्हीवर दिसला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत गोळीसोबत बाईच्या हातात माहितीचा कागद द्यायचा नियम झाला! तो कागद! खोक्यात घडी घालून ठेवलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा, आपण न वाचता फेकतो तो! तो कागद कुणीतरी उभं राहून, ओरडून मिळवलाय! हे वाचल्यापासून मला घरातला एकही कागद फेकवत नाही!

आता आपल्या पाकिटाकडे या, कारण इथं तर मला नाचावंसंच वाटलं! गोळीत इस्ट्रोजेनच्या जोडीला दुसरं हार्मोनही असतं आणि त्याच्यावरही धोका ठरतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१३ मध्ये सगळ्या गोळ्यांची तुलना केली. लेव्होनॉर्जेस्ट्रेल जोडीला असेल तर वर्षाला १०,००० पैकी ५ ते ७ जणींना गुठळी. ड्रोस्पिरेनॉन किंवा डेसोजेस्ट्रेल असेल तर ९ ते १२! आणि माला-एनमध्ये काय आहे? पाकीट उलटं केलं, भिंगानं वाचलं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल, ०.१५ मिलिग्रॅम! कमी धोक्याच्या गटातलं! सरकारी, फुकटची, आशाताईंच्या पिशवीतली गोळी! लेव्होनॉर्जेस्ट्रेल इस्ट्रोजेनच्या यकृतावरच्या कामाला थोडं आवरतं, नवीन हार्मोनं तेवढं आवरत नाहीत! चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी, पीसीओडीसाठी आपल्या कॉलेजच्या पोरींना ज्या महागाच्या गोळ्या मिळतात, त्यांत बऱ्याचदा ड्रोस्पिरेनॉन किंवा सायप्रोटेरॉन असतं. डॉक्टर विचार करूनच देतात, पण त्या पोरीला आणि तिच्या आईला हा फरक माहीत असायला नको का? असायलाच हवा!

आणि आता जे सांगते ते आपल्या वऱ्हाडातल्या प्रत्येक घरासाठी! भादवा आला की महालक्ष्म्या! सोळा भाज्या, आंबील, कथली, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि घरातल्या बाईची तारीख नेमकी त्याच दिवशी! मग मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या! नवरात्रात अंबादेवीला जायचं, गोळ्या! नणंदेचं लग्न, गोळ्या! त्या गोळीत असतं नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, साधारण दिवसाला तीन. त्यात इस्ट्रोजेन नाही. पाकिटावर कुठेही इस्ट्रोजेन लिहिलेलं नाही! आणि तरीही! आपलं शरीर त्या नॉरएथिस्टेरॉनचा एक छोटासा भाग इथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये बदलतं! स्वतःच! आतल्या आत! दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची गोळी घेतल्याएवढं! म्हणजे जिला गुठळीच्या भीतीनं माला-एन द्यायची नाही, तिनं दुकानातून ही गोळी आणली तर ती मागच्या दारानं जवळजवळ तेच घेतेय! हे वाचून मी खरोखर उभी राहिले! माला-एनला आशाताई किती प्रश्न विचारतात! आणि महालक्ष्म्यांच्या गोळीला कुणी विचारतं का? तेच प्रश्न इथंही लागू आहेत! तेच! म्हणून ही गोळी चिठ्ठीशिवाय आणू नका, मैत्रिणीचं उरलेलं पान घेऊ नका, डॉक्टरांना आधी सांगा! आणि तारीख आलीच तर येऊ द्या, देवी काही रागवत नाही, असं माझं मत!

मग ते प्रश्न कोणते? चला, एकत्रच पाठ करू! स्वतःला किंवा आई, बहीण, भाऊ, बाप यांपैकी कुणाला पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली होती का? हा पहिला, कारण काही घरांत हा कल रक्तातच असतो. १९९४ मध्ये नेदरलँड्सच्या लायडन शहरात पाचव्या नंबरच्या प्रथिनातला एक बारीकसा बदल सापडला. तो बदल असला की प्रोटीन सी त्याला आवरू शकत नाही! युरोपात साधारण वीस जणांत एकाला तो असतो, भारतात त्याहून कमी. नुसत्या बदलानं धोका काहीपट वाढतो, पण तो बदल असलेल्या बाईनं इस्ट्रोजेनची गोळी घेतली तर तीसपटीच्या आसपास! म्हणून मायची-बहिणीची चौकशी!

पुढचे प्रश्न: बीपी आहे का? डोळ्यासमोर चमकून मग अर्धशिशी उठते का? वय ३५च्या पुढे आणि बिडी-सिगारेट ओढता का? बाळ किती दिवसांचं आहे? बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील आणि बाळ अंगावर पीत असेल तर ही गोळी नाही, आणि पुढेही सहा महिन्यांपर्यंत शक्यतो दुसरं काही. मोठं ऑपरेशन ठरलंय का? मग गोळीचं आधी सांगा, ती चार आठवडे आधी थांबवायला सांगतात. आणि आपल्या विदर्भातला आपला प्रश्न: सिकलसेल तपासलंय का? एसएस पॅटर्न असलेल्यांच्या रक्तात गुठळीकडे मुळातच कल असतो आणि अमेरिकेच्या २०२४ च्या नियमावलीत अशा बायांना इस्ट्रोजेनची गोळी नकोच असं सांगितलंय. तपासणीचा कागद डॉक्टरांना दाखवा!

आणि अजून एक, जे ऐकून शेजारची सून म्हणाली, "हे तं आमच्यासाठीच आहे!" गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, मग उतरतो. आणि महिनाभर किंवा जास्त बंद ठेवून पुन्हा सुरू केली तर धोका पुन्हा वर जातो! आमच्याकडे कितीतरी जणींचे नवरे ट्रकवर, पुण्याच्या कंपनीत, बाहेरगावी! तो आला की गोळी सुरू, गेला की बंद, दिवाळीला पुन्हा सुरू! दर वेळी पहिलाच महिना! अशांनी डॉक्टरांना हे उघड सांगावं, दुसरा उपाय विचारावा. उपाय आहेत हो! तांबीमध्ये हार्मोन नाही, रक्ताच्या गोठण्याशी तिचा संबंध नाही. छाया गोळीत इस्ट्रोजेन नाही, ती आपल्याच लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलीय, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा! तिलाही आपला आजार-इतिहास सांगूनच सुरुवात करायची. आणि निरोध तर आहेच, त्यात पुरुषाचाही हात लागतो!

पण एक वचन द्या मला. हे वाचून कुणीही चालू गोळी आज रात्री फेकून देऊ नका! इंग्लंडात हेच झालं होतं! ऑक्टोबर १९९५ मध्ये सरकारी समितीनं इशारा दिला की नव्या गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! शब्द मोठा, पण दहा हजारांत किती, हे कुणी ऐकलंच नाही. बायांनी घाबरून गोळ्या सोडल्या, नको असलेली गरोदरपणं आली, पुढच्या वर्षी गर्भपात वाढले, आणि गरोदरपणात गुठळीचा धोका तर गोळीपेक्षाही जास्त! ज्या भीतीनं गोळी सोडली तीच भीती दारात उभी! म्हणून घाबरायचं नाही, विचारायचं!

आणि खुणा पाठ असू द्या, तुमच्याही आणि घरातल्या पुरुषांच्याही! एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, लाल झाली: त्याच दिवशी दवाखाना. तेल लावून चोळत बसायचं नाही! अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचतं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडली: लगेच १०८! कधी नव्हे एवढं डोकं दुखतंय, दिसायला अंधूक झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं: लगेच १०८! आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच, "ती गोळ्या घेते." महालक्ष्म्यांच्या गोळ्या धरून! कारण हे वाक्य ऐकलं की डॉक्टरांचं लक्ष ताबडतोब गुठळीकडे जातं, आणि वेळेत कळलं तर रक्त पातळ ठेवायची औषधं आहेत, बाई बरी होते!

आता माझं काम झालं, तुमचं सुरू! हे आज एका तरी बाईला सांगा. सासूला सांगा, सुनेला सांगा, हळदीकुंकवात सांगा, आणि नवऱ्याला तर आधी सांगा! आशाताई प्रश्न विचारायला लागल्या की टाळू नका, खरं उत्तर द्या, आणि त्यांनी एखादा विसरला तर आठवण करून द्या. आणि पाकीट हातात आलं की आधी कागद उघडा, मग गोळी.